केपच्या वलंदेजांचा इतिहास कसा वाचावा : कारेल स्कूमन यांच्या ग्रंथांसाठी एक वाटाड्या

नौपाड्यातील आमच्या वाचनमंडळात कारेल स्कूमन या आफ्रिकान्स (म्हणजे दक्षिण आफ्रिकेत डचमधून घडलेल्या भाषेतील) लेखकाचे इतिहासग्रंथ वाचायला घेण्याचे ठरले, तेव्हा एका सभासदाने विचारलेला पहिला प्रश्न अगदी रास्त होता : आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी सतराव्या शतकात उतरलेल्या हॉलंडच्या माणसांशी, संध्याकाळी तलावपाळीवर फिरायला जाणाऱ्या आपला संबंध काय? त्याचे उत्तर आपल्याच जुन्या कागदांत आहे. शिवकालीन आणि पेशवेकालीन लिखाणात ज्यांना ‘वलंदेज’ म्हटले आहे, ते हेच लोक. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसिस अशा ‘टोपीकरां’विषयी जी सावधगिरी सांगितली आहे, ती त्यांच्याविषयीही आहे, आणि त्यांची एक वखार वेंगुर्ल्याला होती. तीच डच ईस्ट इंडिया कंपनी, तेच नोकर आणि तीच जहाजे केपलाही, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या ठाण्यालाही, लागत होती. त्यामुळे स्कूमन वाचणे म्हणजे आपल्या किनाऱ्यावर वखारीपुरता राहिलेला टोपीकर दुसऱ्या एका किनाऱ्यावर जमीनदार कसा झाला, हे पाहणे होय. वाचनाचा धागा म्हणून एवढे एक सूत्र धरले तरी पुष्कळ झाले.

पुढे जे लिहिले आहे ते गेली दोन वर्षे आम्ही सातआठ जणांनी चुकत-माकत बसवलेल्या पद्धतीविषयी आहे. इतिहासाचे अध्यापक आमच्यात कोणी नाहीत, आणि आफ्रिकान्स तर कोणालाच येत नव्हती. ज्यांना घरी किंवा एखाद्या मंडळात हे वाचन करायचे असेल, त्यांना आमच्या चुका तरी उपयोगी पडतील.

आधी लेखकाची ओळख

स्कूमन यांचा जन्म १९३९ साली दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेट प्रांतातील ट्रॉम्प्सबर्ग या लहान गावी झाला आणि २०१७ साली ब्लूमफाँटेन येथे त्यांचे निधन झाले. आफ्रिकान्स साहित्यातील मानाचा हर्ट्झॉग पुरस्कार गद्यासाठी त्यांना तीन वेळा मिळाला, १९७०, १९८६ आणि १९९५ साली. म्हणजे ते आधी कादंबरीकार आणि मग इतिहासकार. मधल्या काळात ते ॲम्स्टरडॅमला राहिले, ग्लासगोत त्यांनी रुग्णसेवकाचे काम केले आणि पुढे केप टाउनच्या ग्रंथालयात नोकरी केली. विद्यापीठातील खुर्ची त्यांच्याकडे नव्हती. त्यांचा इतिहास वाचताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी, कारण एखादा सिद्धान्त सिद्ध करण्याची घाई त्यांच्या पानांवर दिसत नाही. दिसते ती कपाटातल्या कागदांपाशी वर्षानुवर्षे बसलेल्या ग्रंथपालाची चिकाटी. ते कागदातले उतारे लांबच लांब देतात, त्यांच्याशेजारी दुसरा उतारा ठेवतात, आणि निष्कर्ष काढण्याची वेळ आली की बहुधा गप्प बसतात. हा गुण की दोष, यावर आमच्या मंडळात अजून एकमत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर पहिल्या शंभर पानांत तो मला दोष वाटला आणि नंतर तसा वाटला नाही.

त्यांचे वेगळेपण कळण्यासाठी त्यांच्याआधीचा इतिहास कसा लिहिला गेला याची ओझरती कल्पना असावी. आफ्रिकान्स भाषेला लिहिण्याची भाषा म्हणून मान मिळावा यासाठी १८७५ साली पार्ल गावात एक मंडळ स्थापन झाले आणि त्याच मंडळाने १८७७ साली त्या भाषेतील पहिला इतिहासग्रंथ काढला. त्याच्या नावाचा अर्थच ‘आपल्या लोकांच्या भाषेत आपल्या देशाचा इतिहास’ असा होतो. भाषा आणि इतिहास यांची अशी एकत्र उभारणी आपल्याला परकी वाटू नये. त्यानंतर गुस्ताव प्रेलर (१८७५–१९४३) यांनी १९०६ साली पीट रेटीफ या नेत्याचे चरित्र लिहिले, आणि १८३० च्या दशकात बैलगाड्या जुंपून ब्रिटिश अंमलाबाहेर आत निघून गेलेल्या शेतकऱ्यांच्या, म्हणजे फोरट्रेकरांच्या, वृद्धापकाळातील आठवणी जमवून अनेक खंड प्रसिद्ध केले. ते लिखाण रसरशीत आहे, पण त्याला बखरीचे नियम लावूनच ते वाचले पाहिजे : नायक आधी ठरलेला, शत्रू आधी ठरलेला, आणि मधले प्रसंग त्यांना शोभतील असे. १९३८ साली त्या स्थलांतराची शताब्दी बैलगाड्यांच्या मिरवणुकीने साजरी झाली आणि १९४८ साली वर्णभेदाचे राजकारण सत्तेवर आले, तेव्हा हाच इतिहास शाळेतल्या मुलांच्या तोंडी होता.

मराठी वाचकाला हा फरक सांगण्याची सोपी रीत म्हणजे बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, तेव्हा बखरकारांवर त्यांचा जो आक्षेप होता तो इथे जसाच्या तसा उपयोगी पडतो. फक्त एक भेद ध्यानात घ्यावा. राजवाडे भांडतात, प्रस्तावनेत गर्जतात; स्कूमन तसे करत नाहीत. ते कागद पुढे सरकवतात आणि खुर्ची थोडी मागे घेतात.

कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करावी

सतराव्या शतकापासून क्रमाने वाचण्याचा मोह टाळावा. आम्ही तो टाळला नाही आणि तिसऱ्या बैठकीला तिघेच आले. स्कूमन यांनी केपच्या कंपनी-काळावर एकामागून एक मोठे आफ्रिकान्स ग्रंथ लिहिले आहेत, आणि त्यांत कंपनीच्या व्यापाराची, अधिकाऱ्यांच्या नेमणुकांची आणि जहाजांची इतकी माहिती आहे की नवख्याचा दम उखडतो. ज्याला आफ्रिकान्स येत नाही त्याने त्यांच्या इंग्रजी पुस्तकांकडून आत शिरावे. केपमधील सुरुवातीच्या गुलामगिरीवरचा, १६५२ ते १७१७ हा काळ घेणारा ग्रंथ २००७ साली निघाला. सतराव्या शतकातील सात खोईखोई (केपच्या मूळ गुराखी लोकांपैकी) माणसांची चरित्रे २००९ साली आली. आणि १७१७ ते १७९५ या काळातील गुलाम-समाजाचे चित्र २०१२ साली. ही तिन्ही त्यांनी इंग्रजीतच लिहिली. माझा आग्रह असा की सात चरित्रांचे पुस्तक प्रथम घ्यावे. वसाहतकारांचा इतिहास वाचायचा आणि सुरुवात मात्र ज्यांची जमीन गेली त्यांच्यापासून करायची, हे उलटे वाटेल, पण एकदा ती सात माणसे ओळखीची झाली की पुढच्या ग्रंथात अधिकाऱ्याच्या रोजनिशीतील ‘आज स्थानिक लोक आले’ अशी कोरडी ओळ कोरडी राहत नाही.

ज्यांना आधी गोष्ट हवी असेल त्यांच्यासाठी रोखेफेल्डच्या उजाड पठारावर मरणाच्या दारात पडलेल्या एका वृद्धेच्या आठवणींची त्यांची १९९३ ची कादंबरी आहे, आणि तिचे इंग्रजी भाषांतरही झाले आहे. घराबाहेरची जमीन कोणाची होती याविषयी ती बाई जे अर्धवट बोलते आणि जे बोलत नाही, ते इतिहासग्रंथांत शोधायची सवय या कादंबरीने लागते.

पुस्तके मिळवणे जिकिरीचे आहे, हे कबूल केले पाहिजे. दक्षिण आफ्रिकेतून मागवल्यास टपालखर्च पुस्तकाच्या किमतीशी स्पर्धा करतो. आम्ही वर्गणी काढून एकेक प्रत घेतली आणि प्रकरणे वाटून घेतली. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून वाचकांना पुस्तके पुरवते आहे, आणि वलंदेज-मराठा संबंधांवरचे जुने मराठी संशोधन तिथल्यासारख्या ग्रंथालयांतच शोधावे. वाचनाची मराठी बाजू भक्कम झाल्याशिवाय केपची बाजू नीट उमगत नाही.

शब्दांची वही

पहिल्या दिवसापासून शब्दांसाठी वेगळी वही घालावी. काही शब्द वरवर साधे दिसतात आणि आतून घात करतात. ‘बूर’ म्हणजे नुसता शेतकरी. ‘फ्रायबर्गर’ म्हणजे कंपनीच्या नोकरीतून मोकळा केलेला माणूस. १६५७ साली अशा पहिल्या नऊ जणांना लीसबेक नदीकाठी जमीन मिळाली, आणि केपमधील वसाहत खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाली. त्याआधीची पाच वर्षे, म्हणजे कंपनीचा तिथला पहिला प्रमुख यान फान रीबेक ६ एप्रिल १६५२ रोजी उतरला तेव्हापासून, ते ठाणे म्हणजे जहाजांना भाजीपाला, पाणी आणि मांस पुरवणारा थांबा होता. वखार आणि वसाहत यांतला हा फरक ज्याला कळला त्याला अर्धे पुस्तक कळले. आज्ञापत्रही वेगळ्या शब्दांत हेच बजावते : टोपीकराला वखारीसाठी जागा द्यावीच लागली तर समुद्रकिनारी देऊ नये, आत दूरवर द्यावी, कारण जागा धरली की ते ती सोडत नाहीत. लीसबेककाठच्या खोईखोईंना असा अमात्य लाभला नव्हता, आणि लाभला असता तरी त्यांच्याजवळ किल्ले नव्हते.

मापांचीही नोंद ठेवावी. ‘मॉर्गन’ म्हणजे साधारण दोन एकरांहून किंचित अधिक जमीन. अठराव्या शतकात आत सरकणाऱ्या गुराखी-शेतकऱ्यांना कंपनी जे कर्जाऊ शेत देई, त्याची मोजणी घोड्याच्या चालीने होत असे : मध्यबिंदूपासून चारी दिशांना अर्धा तास घोडा चालवत न्यायचा, आणि जेवढे वर्तुळ होईल तेवढे एका कुटुंबाचे. हे सुमारे तीन हजार मॉर्गन, म्हणजे पंचवीस चौरस किलोमीटरच्या आसपास. हा आकडा ऐकून कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा वाशीच्या एका सभासदाने हिशेब मांडला की नवी मुंबईचे सिडकोने आखलेले सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र अशा तेरा-चौदा कुटुंबांत संपले असते. त्यानंतर त्या पानावर आम्ही तासभर अडलो. ग्रंथातील प्रत्येक मोठ्या आकड्याला घराजवळचे माप लावून पाहावे.

तिसरा प्रकार अपमानकारक शब्दांचा. जुन्या कागदांत खोईखोईंना ‘हॉटेंटॉट’ म्हटलेले सर्रास आढळते आणि उतारा देताना स्कूमन यांना तो शब्द टाळता येत नाही. आपण टिपण लिहिताना खोईखोई लिहावे, आणि मूळ उतारा द्यायचाच असेल तर जुना शब्द अवतरणातच ठेवावा. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांचे उल्लेख आपण जुन्या गॅझेटियरमधून जसेच्या तसे आपल्या वाक्यात उचलत नाही. तोच नियम इथे पाळावा.

नाव वाचण्याची रीत

माझी सर्वांत मोठी चूक या ठिकाणी झाली, म्हणून इथे थोडे थांबतो. केपच्या कागदांत गुलामांची नावे ‘अमुक फान बेंगालेन’, ‘तमुक फान मलबार’ किंवा ‘किनाऱ्याची अमुक’ अशी येतात. हा किनारा म्हणजे पुष्कळदा कोरोमंडल. मी एका बैठकीत मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की या नावांवरून कोण कोठल्या गावचा ते कळते, जसे आपल्याकडे वेंगुर्लेकर किंवा ठाणेकर. पुढच्याच प्रकरणात ते विधान आपटले. वेंगुर्लेकर हे नाव त्या घराने स्वतःचे गाव सांगण्यासाठी घेतलेले असते, गाव सुटले तरी ते अभिमानाने पुढे चालते. ‘फान बेंगालेन’ हे विकणाऱ्याने किंवा कारकुनाने लावलेले असते, आणि त्यात पुष्कळदा माणसाचे गाव नसून ज्या बंदरातून जहाज सुटले तो मुलूख असतो. आई-बापांनी ठेवलेले नाव तर बहुधा नाहीसेच होते. त्याच्या जागी कागदावर महिन्याचे नाव येते, ‘सप्टेंबर’, ‘फेब्रुवारी’, किंवा रोमन पुराणातला एखादा ‘क्युपिडो’. केपमधल्या काही घराण्यांची आडनावे आजही महिन्यांची आहेत.

तेव्हा नाव दिसले की तीन प्रश्न विचारावेत आणि वहीत उत्तरे तीन रकान्यांत लिहावीत : हे नाव कोणी ठेवले, ते कोणत्या कागदात आले, आणि त्या कागदाला ते लिहून काय साधायचे होते. खरेदीखतातील नाव, बाप्तिस्म्याच्या नोंदीतील नाव आणि मुक्ततेच्या कागदातील नाव ही एकाच बाईची असली तरी एकसारखी नसतात. बटाव्हियाहून (आजच्या जकार्ताहून) आणलेली आणि फान रीबेकच्या घरी राबलेली बंगालची आंजेला १६६६ साली मुक्त झाली, १६६९ साली तिने आर्नोल्डुस बासोन या वलंदेजाशी लग्न केले, आणि पुढे अनेक आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या, कुटुंबांची ती पूर्वज ठरली. वसाहतकारांच्या वंशावळीत गुलाम बाई सापडणे हा अपवाद नव्हे. त्या समाजाची घडणच तशी होती.

याच संदर्भात कोकणी माणसाने चमकून पाहावे असा एक तपशील आहे. १६७९ साली केपचा अधिकारी म्हणून आलेला, स्टेलेनबॉश गावाला ज्याचे नाव आहे तो सिमोन फान डेर स्टेल, याची आजी गोव्याच्या किनाऱ्यावरची मोनिका नावाची मुक्त गुलाम स्त्री होती. वसाहतीच्या शिरपेचातला पुरुष आणि आपल्या बाजूच्या किनाऱ्यावरून नेलेली बाई, या दोघांमध्ये अवघ्या दोन पिढ्यांचे अंतर.

गुलाम आलेच का, हेही वाचकाने स्वतःला समजावून घ्यावे. स्थानिक खोईखोईंना गुलाम करायचे नाही, असा कंपनीचा नियम होता. शेतीला माणसे तर हवी होती. मग १६५८ पासून ती जहाजांनी आणली जाऊ लागली. १६५२ ते १८०८ या काळात सुमारे ६३ हजार गुलाम केपला आणले गेले असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा भारतीय उपखंडातून गेला. उरलेले मादागास्कर, आफ्रिकेचा किनारा आणि आजचा इंडोनेशिया येथून आले. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, म्हणजे सबंध विषय दूरदेशीचा आहे असा भास मध्येच होणार नाही.

‘रिकामी जमीन’ दिसली की पेन्सिल काढावी

वसाहतकारांच्या बाजूने लिहिलेल्या जुन्या आफ्रिकान्स इतिहासांचा एक आवडता दावा असा की गोरे शेतकरी गेले तेव्हा आतला मुलूख रिकामाच होता. हा दावा तपासायला दुसऱ्या बाजूचा कागदही लागत नाही. वसाहतकाराची स्वतःची रोजनिशी पुरते. १६५९ साली खोईखोईंनी गुरे हाकून नेत आणि पेरणी उधळत वलंदेजांशी लढा दिला. १६६० साली तह झाला, त्या वेळचे त्यांचे म्हणणे फान रीबेकने स्वतः नोंदवले आहे : तुम्ही आमची जुनी कुरणे घेत चालला आहात, आम्ही तुमच्या देशात आलो असतो तर आम्हाला असे करू दिले असते का? आणि त्याखाली त्याने आपले उत्तरही लिहिले आहे : ती जमीन आता युद्धात तलवारीने जिंकली गेली आहे आणि ती परत मिळणार नाही. त्याच वर्षी कडू बदामाच्या झाडांचे कुंपण घालण्यात आले. त्याचा काही भाग आजही केप टाउनच्या किर्स्टनबॉश उद्यानात उभा आहे. जमीन रिकामी असती तर कुंपण कोणासाठी लावले?

हा प्रश्न आमच्या घणसोलीच्या सभासदाने विचारला होता, आणि त्याला तो सुचला यात नवल नाही. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन ९५ गावांच्या परिसरावर नवे शहर आखले गेले, तेव्हा नकाशावर कोरी दिसणारी जागा मिठागरांची, भातशेतीची आणि खाडीतल्या मासेमारीची होती. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. केपची वसाहत आणि नवी मुंबईचे भूसंपादन यांना एकाच मापाने मोजणे चूक होईल. कायदा वेगळा, काळ वेगळा, आणि इथला शेतकरी आपली मागणी घेऊन मोबदला मिळवू शकला. पण ‘ही जागा मोकळी होती’ हे वाक्य वाचताना घणसोलीच्या माणसाचा जो कान टवकारतो, तो कान वाचकाने उसना घ्यावा. स्कूमन यांच्या ग्रंथांत गुरांचे, कुरणांचे आणि पाणवठ्यांचे उल्लेख कंटाळवाणे वाटावेत इतके वारंवार येतात. ते ओलांडून पुढे जाऊ नये. वस्ती कोठे होती याचा पुरावा त्याच कंटाळवाण्या ओळींत असतो.

दोन कालरेषा शेजारी

एक लांब कागद घ्यावा, मधोमध रेघ मारावी, वर केप आणि खाली महाराष्ट्र. खोईखोई आणि वलंदेज यांच्या युद्धाचे १६५९ हे वर्ष प्रतापगडचेही वर्ष आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि २९ जुलै १६७४ रोजी केपमध्ये क्रोटोआ वारली. ही क्रोटोआ लहानपणापासून फान रीबेकच्या घरी वाढली, वलंदेजी आणि पोर्तुगीज शिकून दुभाषी झाली, १६६४ साली कंपनीच्या शस्त्रवैद्याशी तिचे लग्न झाले, तो मेल्यावर ती दारूच्या आहारी गेली आणि रॉबेन बेटावर धाडली गेली. तिच्या मृत्यूची नोंद करताना कारकुनाने तिच्या स्वभावावर कडवट ताशेरे ओढले आणि शेवटी तिला किल्ल्यातल्या चर्चमध्ये पुरले. मार्च १७०७ मध्ये औरंगजेब मेला, आणि त्याच महिन्यात स्टेलेनबॉशला एका तरुणाने अधिकाऱ्याचा मार खाताना ‘मी आफ्रिकानर आहे’ असे ओरडून सांगितल्याची नोंद आहे. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. त्या वर्षी केपमध्ये एका जहाजावरून धुण्यासाठी उतरवलेल्या कपड्यांतून देवी पसरल्या आणि आधीच खचलेल्या खोईखोई टोळ्या उद्ध्वस्त झाल्या.

या योगायोगांना अर्थ चिकटवू नये. नात्यागोत्याचा कोणताही धागा त्यांत नाही. त्यांचा उपयोग एवढाच की ‘सतराव्या शतकात’ हा पुसट शब्द पुसट राहत नाही. दोन किनाऱ्यांवरचा फरकही या रेषेवर ठळक होतो. आपल्याकडे ठाण्याच्या खाडीवर पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला १७३७ साली मराठ्यांनी घेतला. आज तिथे कारागृह आहे. केपच्या किल्ल्यावर चाल करून जाणारे कोणी नव्हते. तिथे सत्ता बदलली ती १७९५ साली, एका टोपीकराकडून दुसऱ्या टोपीकराकडे.

भाषेची अडचण आणि तिच्यावरचा उपाय

आफ्रिकान्सला घाबरण्याचे कारण नाही. क्रियापद पुरुष आणि वचनानुसार बदलत नाही, नामाला लिंग नाही. मराठी माणसाला हे ऐकूनच हायसे वाटते. फसवते ते दुहेरी नकाराचे ‘नी’ : एक मध्ये, एक वाक्याच्या शेवटी. फोनवरचे यंत्रभाषांतर कथानकापुरते चालते, पण उताऱ्यांसाठी नाही, कारण स्कूमन यांच्या पानावर आधुनिक आफ्रिकान्सच्या मधोमध सतराव्या शतकातली वलंदेजी येते आणि यंत्र दोन्हींचा काला करून देते. अशा जागी शब्दकोश उघडावा आणि वाक्य दोघांनी मिळून लावावे. अधूनमधून गंमतही होते. भाषांतर करताना ‘आचार’ हा शब्द एका यादीत सापडला आणि आमच्यातल्या बाईंनी मान वर न करता सांगितले, ‘लोणचे आहे ते.’ शब्दकोश त्यांच्या बाजूने निघाला.

मूळ कागदही पाहता येतात. केपच्या राजकीय मंडळाचे ठराव आणि मृतांच्या मालमत्तेच्या याद्या संशोधकांनी उतरवून इंटरनेटवर मोकळ्या ठेवल्या आहेत, आणि हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील कंपनीच्या दफ्तराच्या प्रतिमाही पाहायला मिळतात. स्कूमन यांनी दिलेला एखादा उतारा तिथे शोधून काढणे, हा सगळ्या वाचनातला सर्वांत उत्साहाचा भाग आहे. आधी आणि नंतर काय होते ते दिसते, आणि लेखकाने कोठे कात्री लावली तेही.

पहिली बैठक अशा यादीनेच सुरू करावी. एखाद्या स्टेलेनबॉशच्या शेतकऱ्याच्या मरणोत्तर मालमत्तेची यादी घ्यावी, आणि ती एकाने घाई न करता मोठ्याने वाचावी : पितळी भांडी, पलंग, नांगर, दारूची पिंपे, बैल, आणि त्याच ओघात, त्याच अक्षरात, नावे आणि किमती लावलेली माणसे. वाचणाऱ्याने आवाज बदलू नये, कारण कारकुनाने बदललेला नाही. मग वही उघडावी, नावांचे तीन रकाने आखावेत, आणि जो रकाना रिकामा राहील तो रिकामाच ठेवून पुढच्या बैठकीला यावे.